बुटातला पाव

जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये माणसाला छळायला थंडी लागत नाही आणि सरकारी कचेरीही लागत नाही. समोरच्या दारात एक नियमवाली म्हातारी असली की तेवढं पुरतं. मुन्सिफच्या समोरच्या दारात रीडलबाई होत्या.

मुन्सिफ मस्मूदी आमच्या सफाक्सचा, समुद्रापलीकडच्या अरब मुलखातला. तिथे तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला लांबून बघून पोरं सिगारेट विझवायची. त्याची बायको सिहाम इथे हॉस्पिटलात नर्स म्हणून आली, माझ्याच वॉर्डात. पुढच्या डिसेंबरात ती गावी गेली आणि येताना नवऱ्याला, सहा वर्षांच्या तस्नीमला आणि धाकट्या इल्यासला घेऊन आली. मुन्सिफला नोकरी नव्हती. सकाळी भाषेचा वर्ग, मग घर. बायको कमावते आणि आपण कचरा वेगळा करतो हे त्याच्या मनाला फार लागायचं. तसं तो कधी बोलून दाखवायचा नाही, त्याऐवजी रीडलबाईंवर चिडायचा.

चिडायला निमित्तं भरपूर होती. रविवारी व्हॅक्यूम लावला की घंटी. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेला की खिडकीतून हाक. जिना झाडायची पाळी आपली असली आणि कोपरे राहिले की घंटी. थंडीत खिडकी बंद ठेवली तर भिंतीला बुरशी येते म्हणून घंटी, उघडी ठेवली तर जिना गार पडतो म्हणून पुन्हा घंटी. एकदा मुन्सिफने शिळ्या पावाची पिशवी कचऱ्यात न टाकता डब्याच्या कडीला अडकवली. आम्ही गावाकडे सगळेच तसं करतो, पाव काही कचऱ्यात टाकवत नाही. रीडलबाई ती पिशवी दोन बोटांत धरून जिना चढून वर आल्या. "उंदीर," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी त्याच्या हातात देऊन गेल्या.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे बूट. आम्ही घरात बूट घालून शिरत नाही, ते दाराबाहेर काढतो. चार माणसांचे बूट जिन्यातल्या पायपुसण्यावर पडलेले असत, आणि त्यांच्यापायी रीडलबाई आठवड्यातून एकदा तरी दार वाजवत. बोट बुटांकडे, डोळे मुन्सिफकडे. "आग लागली तर लोक यात अडखळून पडतील."

"तिला सांग," मुन्सिफ आतून सिहामला ओरडायचा, "आग लागली तर पहिली तीच घंटी वाजवायला येईल, मला काळजी नाही. आणि विचार, जिना तिच्या वडिलांचा आहे का?"

सिहाम जर्मनमध्ये म्हणायची, "माझे पती म्हणतात, माफ करा, लक्षात ठेवू."

दार लागलं की मुन्सिफ विचारायचा, "मी एवढं बोललो, त्याचं इतकंसंच कसं झालं?"

"जर्मन भाषा आटोपशीर आहे," सिहाम म्हणायची.

असं वर्षभर चाललं होतं. तो तिखट बोलायचा, ती साखर घालून पुढे पोचवायची, आणि बूट दोन दिवस आत राहून पुन्हा बाहेर यायचे. खरं सांगायचं तर ते आत ठेवणं काही अवघड नव्हतं. आत जागा होती. पण मुन्सिफला आता ती हार वाटायला लागली होती.

डिसेंबरच्या पाच तारखेला संध्याकाळी तस्नीम जिन्यात बसून आपले लाल बूट जुन्या मोज्याने पुसत होती. रीडलबाई बाजाराची पिशवी घेऊन वर आल्या. पोरगी त्यांच्याशी जर्मनमध्ये भराभरा काहीतरी बोलली. मुलं काय, सहा महिन्यांत भाषा पिऊन टाकतात. मुन्सिफने दाराच्या फटीतून पाहिलं, तर रीडलबाई हसत होत्या. त्यांनी चारही जोड्यांवरून नजर फिरवली, तक्रार केली नाही, आणि हसतच घरात गेल्या.

"आज म्हातारी आपल्या बुटांकडे बघून हसली," तो सिहामला म्हणाला. "काहीतरी शिजतंय."

"ओरडली तरी वाईट, हसली तरी वाईट. तू एकदा काय ते ठरव."

तेवढ्यात तस्नीम आत येऊन आईला म्हणाली, "उद्या सकाळी निकोलाउस येणार आहे." सिहामच्या कानाला फोन होता, पलीकडे सफाक्सहून तिची आई. वर्गातला कुणी मुलगा असेल असं तिला वाटलं. "येऊ दे," ती म्हणाली, "नाश्त्याला थांब म्हणावं त्याला." पोरगी खिदळत झोपायला गेली.

सकाळी मुन्सिफ पाव आणायला म्हणून दार उघडून बाहेर आला. पाय बुटात घालणार, तर बुटात पाव.

चारही जोड्यांत होता. पावाचा छोटा माणूस, बेदाण्यांचे डोळे, खाली कागदी रुमाल. सोबत अक्रोड आणि एकेक छोटं संत्रं. मुन्सिफच्या मोठ्या काळ्या बुटात त्याखेरीज काड्यांची एक जुडी खोचलेली होती, तांबड्या फितीने बांधलेली, खराट्याचा तुकडा असावा तशी.

आता हे तुम्हाला आमच्या माणसाच्या डोळ्यांनी बघायला हवं. आमच्याकडे पावाचा तुकडा रस्त्यात पडलेला दिसला तर माणूस वाकतो, उचलतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो आणि कुणाचा पाय लागणार नाही अशा भिंतीवर ठेवून पुढे जातो. दारुडासुद्धा तसं करतो. आणि एखाद्याची लाज काढायची तर त्याला नुसता बूट दाखवतात. इथे बुटात पाव घातला होता, वर खराटा ठेवला होता. मुन्सिफला याचा एकच अर्थ लागला: तुमचे बूट म्हणजे कचरा, आणि तुम्ही त्यातच खाणारी माणसं.

त्याने ते एकेक काढलं. आधी पाव, प्रत्येक पाव ओठांना लावून. मग त्याने सिहामला हाक मारली. ती ड्युटीला निघायच्या तयारीत होती, केस अर्धे बांधलेले. त्याने बुटाकडे बोट केलं आणि हातातले पाव दाखवले. वर्षभर साखर घालणारी ती बाई, पण तिचाही चेहरा उतरला आणि मग तांबडा झाला.

घंटी या वेळी मुन्सिफने वाजवली. रीडलबाई लोकरी झग्यात दारात आल्या, आणि आल्या त्या हसतच आल्या. त्या हसण्याने राहिलंसाहिलं बिघडलं.

"सांग तिला," मुन्सिफ म्हणाला. "आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा कुणी बुटात घालून खायला देत नाही. तू म्हातारी आहेस म्हणून सोडतोय. पुन्हा आमच्या दाराकडे फिरकू नकोस."

सिहामने या वेळी साखर घातली नाही. शब्दाला शब्द लावून सांगितलं, आणि "लाज वाटू द्या" हे पदरचं जोडलं.

रीडलबाईंचं हसू लगेच गेलं नाही. तोंड विसरल्यासारखं तसंच राहिलं आणि मग हळूहळू मिटलं. "पण मुलांसाठी," त्या म्हणाल्या.

एवढं मुन्सिफला कळलं. "मुलांचं नाव काढू नका," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला आणि पाव, अक्रोड, संत्री, काड्या, सगळं त्यांच्या हातांत कोंबलं. त्यांना ते धरता येईना. झग्याचा ओचा करून त्यांनी सावरलं, तरी एक संत्रं निसटलं आणि जिन्यावरून टप टप करत खाली गेलं. रीडलबाई कठड्याला धरून, सपाता घातलेल्या पायांनी एकेक पायरी उतरत ते आणायला गेल्या. वरून दोघं बघत होती. कुणी खाली उतरलं नाही. सिहाम मला म्हणाली, मी रोज ऐंशी वर्षांच्या बायकांना हात धरून संडासाला नेते, आणि त्या दिवशी मी जिन्यात पुतळ्यासारखी उभी राहिले.

दार लावून दोघं आत येतात न येतात तोच तस्नीम उठली. नुसत्या पायांनी पळत दाराशी गेली, दार उघडून बाहेर वाकली. आपल्या एका बुटात हात घातला, मग दुसऱ्यात. इल्यासचे बूट पाहिले. उलटे करून झटकले. मग दार हलकेच लावून आत आली.

"काय शोधतेस?" सिहामने विचारलं.

"काही नाही."

"अगं, काय हरवलं?"

"निकोलाउस आला नाही." तिने नाक पुसलं. "तो सगळ्यांच्या बुटात खाऊ ठेवतो. वाईट मुलांच्या ठेवत नाही. बाई म्हणाल्या होत्या शाळेत. मी बूट पुसले होते तरी आला नाही."

सिहाम दाराजवळच्या बाकड्यावर बसली. ड्युटीची वेळ टळत होती.

"इल्यासची गाडी मी मुद्दाम मोडली होती," तस्नीम म्हणाली. "म्हणून असेल."

सांगून टाकायला हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मुन्सिफ आयुष्यभर वर्गासमोर उभा राहून बोललेला माणूस, पण तो खुंटीवरचं जॅकेट शोधायला लागला. पोरीला काय सांगायचं? तुझा खाऊ आला होता आणि तो तुझ्या बापाने एका म्हातारीच्या तोंडावर परत मारला? त्याने सांगितलं नाही. जॅकेट चढवून तो दुकानात गेला आणि चॉकलेटचा एक दाढीवाला बाबा घेऊन आला, चकचकीत कागदात गुंडाळलेला. मग जिन्यात उकिडवा बसून त्याने तो पोरीच्या बुटात ठेवला. खाण्याची वस्तू बुटात ठेवताना त्याला कसंतरीच झालं. आपणच आपल्या हाताने हे करतोय याची शरमही वाटली.

"बघ, आला वाटतं उशिरा," तो म्हणाला.

तस्नीमने बुटात पाहिलं. "निकोलाउस दिवसा येत नाही, बाबा," ती म्हणाली. चॉकलेट तिने इल्यासला दिलं. "हे त्याचं. त्याने काही केलं नव्हतं."

त्यानंतर ती पोरगी शहाणी झाली. म्हणजे असं की बघवत नव्हतं. ताटातलं सगळं संपवायची, न सांगता दात घासायची, आपली बाहुली इल्यासला देऊन टाकली. घरातले बूट उचलून आतल्या फळीवर सरळ रेषेत लावायची आणि मग वडिलांकडे बघायची, बरोबर लावले ना, अशी. मुन्सिफ मान वळवायचा. सिहाम त्याला रात्री म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" तो म्हणाला, "मी सांगतो." आणि सांगितलं नाही.

सिहामने मक्रूद केले, रव्याचे, आत खजूर भरलेले, आणि ताट घेऊन दोघं समोरच्या दाराशी गेली. घंटी वाजवली. दारातल्या भिंगामागचा उजेड झाकला गेला, म्हणजे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मग सपातांचा आवाज आत आत निघून गेला. ताट मुन्सिफने परत आणलं. मला तिने हॉस्पिटलात डबा भरून मक्रूद आणून दिले आणि कशाचे ते सांगितलं. मी इथे इतकी वर्षं आहे. निकोलाउसचं मला माहीत होतं आणि तिला सांगायचं कधी सुचलं नव्हतं. तो डबा मी तसाच घरी नेला.

आणि रीडलबाई गप्प झाल्या. मुन्सिफने एका रविवारी चुकून व्हॅक्यूम लावला, घंटी आली नाही. जिन्याचे कोपरे राहिले, कुणी बोललं नाही. वर्षभर ज्या शांततेसाठी तो नवस करत होता ती मिळाली, आणि ती त्याला खायला उठली. जिन्यात समोरासमोर आलं की बाई भिंतीला लागून उभ्या राहायच्या, याला वाट द्यायच्या आणि खाली बघायच्या. आपल्याला घाबरून कुणी भिंतीला लागतं, ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली.

पुढचं मला थोडं तस्नीमने सांगितलं आणि थोडं मुन्सिफने, तेही सिहाम स्वयंपाकघरात गेल्यावर.

सिहाम ड्युटीवर होती. मुन्सिफने फळीवरचे सगळे बूट काढले आणि दाराबाहेर मांडले, वाकडेतिकडे, चांगले पायात येतील असे. तस्नीम म्हणाली, "बाबा, बाई ओरडतील." तो म्हणाला, "ओरडू देत." घंटीची वाट बघत तो दुपारभर दाराजवळच्या बाकड्यावर बसून राहिला.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. त्याने दार उघडलं. रीडलबाई पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग पाय उचलून ते ओलांडले, शब्द न बोलता, आणि किल्ली शोधायला लागल्या.

"बूट, फ्राउ रीडल," मुन्सिफ म्हणाला. त्याने स्वतःच बुटांकडे बोट दाखवलं. "बूट."

त्यांनी किल्ली कुलपात घातली.

"तस्नीम, इकडे ये. बाईंना काही सांगायचंय."

"आईला सांग ना. ती चांगलं सांगते."

"नाही. तूच. आत्ता." तो गुडघ्यांवर बसला. "सांग, निकोलाउस आला होता."

"कुठे?" तस्नीमने विचारलं.

"आपल्याकडे. तुझ्या बुटात पाव होता. अक्रोड होते, संत्रं होतं."

"मग गेलं कुठे?"

"मी काढलं. तू उठायच्या आधी. आणि या बाईंना नेऊन दिलं, आणि फार वाईट बोललो. हे सगळं त्यांना सांग."

"निकोलाउसचं तू बाईंना का दिलंस?"

"मला वाटलं त्यांनी ठेवलंय. आपल्याला हिणवायला."

"बुटात ठेवलं म्हणून?"

"हो."

"बुटातच ठेवतात, बाबा," तस्नीम म्हणाली.

"मला आता कळलंय ते."

रीडलबाईंचा हात किल्लीवर तसाच होता. भाषा त्यांना कळत नव्हती, पण वाकलेला बाप आणि उभी पोरगी त्यांना दिसत होती.

"म्हणजे मी वाईट नाही?" तस्नीमने विचारलं.

"तू नाहीस."

मग ती वळली आणि हात मागे बांधून, शाळेत धडा म्हणतात तसं, बाईंना जर्मनमध्ये सांगायला लागली. मुन्सिफच्या वर्गाचा तेवढा तरी उपयोग झाला होता, त्याला बरंचसं समजलं. निकोलाउस समजला, पाव समजला, "बाबांनी काढलं" समजलं, "वाईट बोलले" समजलं. काहीच गाळलं नव्हतं तिने. आणि शेवटी ती म्हणाली, "माझ्या बाबांना माहीत नव्हतं. ते नवीन आहेत."

हे त्याने सांगितलं नव्हतं. ते तिने पदरचं घातलं होतं.

रीडलबाई दार उघडून आत गेल्या. दार त्यांनी उघडं टाकलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला एक कापडी पिशवी लटकत होती, ती त्या घेऊन आल्या. तिच्यात ती चारही पावाची माणसं होती, वाळून लाकडासारखी झालेली. बाई काहीतरी बोलल्या आणि तस्नीमने सांगितलं, "त्या म्हणतात, पाव टाकवत नाही."

मुन्सिफने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्यातला एक पाव काढला, सवयीने ओठांना लावला, कपाळाला लावला. बाई बघत होत्या. त्याने पावाच्या माणसाचा हात मोडला आणि उभ्याउभ्या चावायला लागला. दातांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता.

"त्या म्हणतात, दुधात बुडवा, दात जातील. आणि काड्यांची जुडी तुझ्यासाठी होती, बाबा, खोडकरांना देतात ती. गंमत म्हणून. त्यांच्या नवऱ्यालापण मिळायची."

"त्यांना म्हणावं, आत या. चहा करतो."

रीडलबाईंनी मान हलवली. आज नको, अशी. "काही हरकत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दार लावता लावता त्या थांबल्या. बोट वर केलं.

"बूट," त्या म्हणाल्या.

मुन्सिफ लगेच वाकला आणि एकेक जोडी गोळा करायला लागला, आधी इल्यासची, मग सिहामची जुनी, मग लाल. तस्नीम मदतीला येत होती, तिला त्याने नको म्हटलं. त्याला घाई नव्हती. खाली वाकलेला होता तोवर त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.